चाचांच्या टेबलावर मीठ नसतं

मस्कतच्या साऱ्या वादी कबीर भागात भुकेल्या माणसाशी इतकं फटकून वागणारा, आणि तरी त्याला दुसऱ्या दिवशी परत यायला लावणारा माणूस एकच आहे. तो म्हणजे आमच्या इमारतीखाली नाश्त्याचं दुकान चालवणारे चाचा. मूळचे रत्नागिरीकडचे. उमेदीची वर्षं जहाजावर स्वयंपाकी म्हणून गेली, त्यामुळे जमिनीवरही ते कशाला तरी धरूनच चालतात. दुकान चार टेबलांचं. मेनूकार्ड नाही आणि फ्रिजही नाही. "फ्रिज म्हणजे शिळं लपवायचं कपाट," असं त्यांचं मत. तांदूळ पहाटे स्वतः वाटणार, नारळ पहिलं गिऱ्हाईक येऊन बसल्यावरच फोडणार. कुणी काय खायचं हेही तेच ठरवतात. आलेल्याचा चेहरा न्याहाळून कुणाला घावणे आणि नारळाचा रस, कुणाला खिमा आणि तांदळाची भाकरी. एकदा मी खिमा मागितला तर म्हणाले, "रात्री जागलायस. घावणे खा." मी खरंच जागलो होतो, त्यामुळे वाद घालता आला नाही. पीठ संपलं की "खलास" म्हणून शटर अर्ध्यावर ओढतात, मग बाहेर गॅरेजवाले उभे असोत की टाय लावलेले मॅनेजर.

टेबलावर मीठ ठेवत नाहीत. एका नवख्या इंजिनिअरने पहिला घास घेण्याआधीच मीठ मागितलं, तर चाचांनी त्याची ताटली उचलून शेजारच्या स्कूलबसच्या ड्रायव्हरपुढे ठेवली. इंजिनिअर उपाशी ऑफिसला गेला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

गेल्या हिवाळ्यात चाचांना ताप आला आणि दुकान काही दिवस बंद राहिलं. उघडलं त्या दिवशी घावण्यात मीठच नव्हतं. दुसऱ्या दिवशी खिमा तोंडात धरवेना इतका खारट. कुणी अवाक्षर काढलं नाही. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, की माझ्यासारखेच सगळे खिशात मिठाच्या पुड्या घेऊन येतायत. चाचांची पाठ वळली की चारही टेबलांवर एकदम हात हलायचे. खारट दिवशी मंडळी मुकाट्याने पाणी पीत बसायची.

अखेर बोलले ते इमारतीचे मालक. वयस्क ओमानी गृहस्थ, चाचा त्यांना अर्बाब म्हणतात. त्यांनी सगळ्यांदेखत पुडी फाडली, शांतपणे मीठ शिंपडलं आणि आपल्या हिंदीत म्हणाले, "भाई, तुमारा जबान बीमार है. ये लोग डर के मारे बोलता नहीं."

चाचांनी तवा उतरवला, गॅस बंद केला आणि जिना चढून आपल्या खोलीत गेले. दोन दिवस शटर उघडेना, तेव्हा मी वर गेलो. ते खिडकीशी बसले होते.

"वास पण नाय येत," ते म्हणाले. "कांदा करपला तर धूर बघून कळतं. असा माणूस लोकांना काय खायला घालणार?"

"तुम्ही करा. चव मी बघतो."

"तुला काय कळतं? तू पुण्याचा. आमटीत गूळ घालणारी माणसं तुम्ही."

पण दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर थाप पडली. बाहेर चाचा. "यल्ला, चल."

तेव्हापासून ऑफिसला जाण्याआधी मी त्यांच्या तव्यापाशी उभा असतो. पहिलं घावण माझं. ते माझ्या तोंडाकडे अशा नजरेने बघतात, की मीठ कमी आहे म्हणायचा धीर होत नाही, तरी म्हणतो. पुड्या आता बंद झाल्या आहेत. डॉक्टर म्हणतात, चव परत येईल. चाचा "इन्शाल्ला" म्हणतात आणि विषय बदलतात.

शुक्रवारी मला सुट्टी असते. गिऱ्हाइकं पांगली की ते स्वतःसाठी एक घावण घालतात, नारळाच्या रसात बुडवतात आणि मला समोर बसवतात. "कसं लागतंय, सांग." पहिल्यांदा मी नुसतं "छान" म्हणालो तर रागावले. आता शिकतोय. नारळ कोवळा आहे, गूळ किंचित धुरकट लागतो, वेलची जरा मागून येते, असं मी सावकाश सांगत जातो. चाचा डोळे मिटून चावत राहतात, आणि मी थांबलो की डोळे न उघडताच विचारतात, "पुढे?"