भिंतीवरचं कार्ड

बडनेऱ्याला गाडी हलली की मी एक वाक्य सुरू करायचो आणि अकोल्याच्या फलाटावर त्याला पूर्णविराम द्यायचो. मधे मूर्तिजापूरला चहापुरता स्वल्पविराम. एकदा डब्यातल्या दोन म्हाताऱ्या त्यात गाढ झोपल्या आणि क्रियापदाला बरोबर जाग्या झाल्या. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. अख्ख्या अमरावतीला वाटायचं. शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत माझी एकही थाप कोणी खरी धरत नसे, म्हणून तर मारायला मोकळीक होती.

पण तुटक वाक्यं जोडायला शिकवावं ते मीच. फळ्यावर लिहायचो : म्हैस काळी होती. ती उधळली. तिनं हेडमास्तरांचा फेटा खाल्ला. पोरं जोडायची : हेडमास्तरांचा फेटा खाऊन उधळलेली काळी म्हैस... आणि हसता हसता क्रियापद विसरायची. नियम एकच : "मुद्दा शेवटी ठेवा रे. वरातीत बँड पुढं, नवरदेव मागं."

चांदूर बाजारकडचा एक मुलगा होता. बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरीला; शाळेची पायरी चढलेला घरातला हा पहिला. पहिल्या दिवशी उशीर कावून झाला विचारलं, तर म्हणाला, "घर दूर हाय. पायी आलो. भूक हाय." तीन वर्षांत तोच मुलगा असं वाक्य विणू लागला की मी गुपचूप त्याची वही घरी नेऊन वाचायचो.

पुढं तो मास्तर होऊन धारणीच्या पलीकडच्या एका गावात गेला. तिथून दर महिन्याला पोस्टकार्ड यायचं : एक कार्ड, एक वाक्य. मी लाल शाईनं तपासून परत धाडायचो. आमचा हा रिवाजच पडला होता.

एका भादव्यात कार्ड आलं :

"पुरानं एस.टी. बंद पडलेली, शाळेचं छप्पर गळत असल्यानं पोरं डोक्यावर घमेली धरून पाढे म्हणत असलेली, आणि मला चार दिवसांपासून हुडहुडी भरून ताप येत असताना इथल्या कुनैनच्या गोळ्याही संपलेल्या, तेव्हा सोमवारी परतवाड्याहून निघणाऱ्या जंगलखात्याच्या जीपसोबत गोळ्या धाडाल तर बरं होईल."

मी टेबलावर चढायचा तेवढा राहिलो. वर्गात तीनदा वाचलं. दहापैकी अकरा गुण दिले, खाली "शाब्बास" लिहिलं आणि परत न धाडता कार्ड भिंतीवर टाचलं. म्हटलं, "पाहा, नवरदेव कसा शेवटी आला!"

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "सर, मंग गोळ्या धाडल्या का?"

"अवो बाई, हे वाक्य आहे, दवाखान्याची चिठ्ठी नव्हे!"

वर्ग खदखदून हसला. सगळ्यात मोठ्यानं मी.

सोमवार गेला. पुढच्या महिन्यात कार्ड आलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात भर तासाला त्याचा बाप दारात उभा राहिला. "जयभीम गुरुजी. पोरगा गेला. तापानं." त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "तुमाले कार्ड लिहे तो. आखरीचं असंन तं वाचून दाखवता का? मले येत नाई."

भिंतीवरचं कार्ड काढलं. टाचणी अंगठ्यात रुतली. वाचलं. तो कान देऊन ऐकत होता. शेवट आला तसा पुढं सरकला.

"मंग? धाडल्या व्हत्या का तुमी?"

पहिल्या बाकावरच्या मुलीनं मान खाली घातली.

"धाडल्या होत्या," मी म्हणालो. "जीप अडकली."

त्यानं हात जोडले. "तुमी तं केलं बापा. पोरगा म्हने, मास्तर मायासाठी मागंपुढं पाह्यत नाई." मग कार्डावर बोट ठेवून, "हे लाल काय लिवलं?"

"शाब्बास."

त्यानं कार्ड टोपीत घडी करून ठेवलं आणि निघाला. जन्मभर थापा मारल्या. खरी धरली गेली ती ही एक. फाटकापर्यंत जायला त्याला बराच वेळ लागला. हाक मारता आली असती. पाठीमागं चाळीस पोरं बसली होती, आणि मी कोरा फळा पुसत राहिलो.