अकरावी अट

जो भाडेकरू सगळ्या अटी मान्य करतो तो घर बळकावायलाच आलेला असतो, असं माझं ठाम मत होतं. (मत बनवायला अनुभव लागत नाही. घर मी पहिल्यांदाच भाड्याने देत होतो.)

दर्पण कॉलनीतल्या आमच्या घराचा वरचा मजला शाळामास्तर दुबेजींना दिला, तेव्हा मी अकरा अटी वाचून दाखवल्या. भिंतीत खिळा नको, गच्चीवर लोणच्याच्या बरण्या नकोत, अशा दहा. अकरावी सगळ्यात कडक: मालक गावाला गेलेले असताना घरात कुणाची चाहूल लागली, तर ताबडतोब पोलीस बोलवायचे. प्रत्येक अटीला दुबेजी "जी, बिलकुल" म्हणत गेले. एकदाही वाद नाही! माझी झोप उडाली. नोकरीची सगळी पुंजी ओतून बांधलेलं घर. हा गिळून बसला तर म्हातारपणी आम्ही जायचं कुठे?

"इतका शरीफ माणूस मिळालाय आणि तुम्ही शक करत बसलाय," बायको, सुलभा, वैतागली.

"शरीफ दिसतो, तिथेच तर गडबड आहे."

शेवटी मी सापळा रचला. दुबेजींना सांगितलं, आम्ही दोघं लग्नाला इंदूरला चाललोय, सोमवारी येऊ. सुलभा बाहेरून कुलूप लावून माधवगंजला बहिणीकडे गेली. मी आत. मालक नाहीत म्हटल्यावर हा गृहस्थ काय रंग दाखवतो, ते मला ऐकायचं होतं.

मे महिना. कूलरचा आवाज होईल म्हणून सकाळपासून बनियनवर घाम पुसत बसलो. वर टाचणी पडल्याचाही आवाज नाही, त्यामुळे संशय आणखी बळावला. एक वाजता मात्र जीव कासावीस झाला. दोनच मिनिटं म्हणून कूलर लावला आणि महिन्याभराची राहिलेली झोप तिथेच लागली.

जाग आली ती दार बडवण्याने. खिडकीच्या जाळीबाहेर दुबेजी, शेजारी हवालदार.

"कौन है अंदर?" हवालदाराने दरडावलं.

"मैं मकान मालिक हूँ."

"मकान मालिक तो इंदौर गए हैं," दुबेजी म्हणाले. "मुझसे खुद कहकर गए हैं."

"अहो दुबेजी, शकल तो देखिए!"

त्यांनी जाळीला नाक लावून मला नीट न्याहाळलं. मग हवालदाराला म्हणाले, "शकल तो मिलती है साहब, पर वो झूठ बोलनेवाले आदमी नहीं हैं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन करून सुलभाला बोलावलं. ती येऊन कुलूप उघडेपर्यंत हवालदार जाळीतून माझ्यावर नजर ठेवून होता.

"माफ करना भाईसाहब," दुबेजी ओशाळून म्हणाले, "आपकी ही ग्यारहवीं शर्त थी."

सुलभाने अटींच्या त्याच कागदावर बारावी अट लिहिली: घरमालकाने इंदूरला जातो म्हटलं, की इंदूरलाच जावं. मी मुकाट्याने सही केली. साक्षीदार म्हणून दुबेजींनीही लगेच केली, काहीही वाद न घालता.

तेव्हापासून मला पुन्हा संशय येतोय.