फिलो आणि अल्डरची उपाशी रोपं

अल्डरच्या मुळावरची गाठ हातात आली की फिलो ती अंगठ्याच्या नखाने चिरायची आणि आधी तिचा वास घ्यायची. मग डोळ्यांपाशी धरायची. आतून नारिंगी दिसली तर जिवंत, तपकिरी दिसली तर मेलेली. जिवंत असली की एवढंच म्हणायची, "हं. आली." टेबलावर चांगला मायक्रोस्कोप होता, तिचा भरवसा नखावर.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून सिडनीच्या विद्यापीठात पीएचडीला आले तेव्हा फिलोमिना आमची गाइड होती. मूळची वसईची, पन्नाशीची, सदा नखांत माती. अल्डर इथलं झाड नव्हे, थंड मुलखातून आणलेलं. फ्रँकिया नावाचा जिवाणू त्याच्या मुळांत गाठी करून राहतो आणि हवेतला नत्र झाडाला देतो. झाड त्याला साखर पुरवतं. म्हणून जिथे गवत धरत नाही तिथेही अल्डर तगतो, आणि त्याचा पाला कुजून पुढच्या झाडांसाठी माती तयार होते. एका बंद कोळसाखाणीच्या ढिगाऱ्यावर आम्हाला तो लावायचा होता. "आमच्याकडे किनाऱ्यावर सुरूचं झाड नुसत्या वाळूत उभं राहतं, ते या जिवाणूच्याच जोरावर," फिलो म्हणायची.

मला ती 'कॉन्व्हेंट' म्हणायची. "मी ख्रिश्चन, शिकले मराठी शाळेत. तू जोशांची, शिकलीस नन्सकडे. देवाने आपली दप्तरं बदलली गं." मी हसायचे आणि उत्तर इंग्रजीत द्यायचे. तिला नावाने हाक मारावी अशी तिची सक्त ताकीद होती. मी एकदा 'मॅडम' म्हटलं तर तिने मागे वळून पाहिलं. "कोण मॅडम? कुठे आहे?" तेव्हापासून मी तिला काहीच म्हणेनाशी झाले. काम असलं की तिच्या दारात उभी राहायचे आणि खोकायचे.

जेनी कॉरिडॉरच्या टोकापासून ओरडायची, "फिल!" जेनी मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेली, माझ्याच बरोबरची विद्यार्थिनी. ग्रीनहाउसमध्ये आमची टेबलं शेजारी होती. रोज दुपारी फिलो सँडविच घेऊन तिच्या टेबलाशी बसायची. जेनीने तिच्याकडून 'गाठ' हा शब्द उचलला होता. "फिल, नो गाट टुडे!" आणि फिलो खदखदून हसायची. "येईल गं बाय, येईल." बाय! वसईकडची ती लाडाची हाक मला कधी कुणी मारली नाही. त्या दोघी इंग्रजीत कितीही बोलल्या असत्या तरी मी ऐकून घेतलं असतं. पण तिथे मराठी वाटली जात होती, आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसून कुंड्यांना लेबलं लावत होते.

रोपांबाबत फिलोचा नियम एकच. जुन्या गाठी ठेचून त्यांचं पाणी मुळाशी घालायचं आणि वाट पाहायची. नत्राचं खत अजिबात नाही. "उपाशी ठेवा. पोट भरलेलं असलं की जिवाणूला कोण दार उघडतंय?" माझी रोपं पिवळी पडली, तरी मी पाण्याशिवाय काही दिलं नाही. जेनीची हिरवीगार झाली. फिलो दुपारभर ती हिरवाई बघायची.

रोपं उपटायच्या दिवशी जेनीची मुळं धुतली तर साफ, गुळगुळीत. एकही गाठ नाही.

"बाय, काय खाऊ घातलंस यांना?"

"थोडं लिक्विड फर्टिलायझर," जेनी रडवेली झाली. "दे लुक्ड सो सॅड, फिल."

मला वाटलं, आता हिची खैर नाही. फिलोने तिला जवळ घेतलं, पाठीवर थोपटलं आणि म्हणाली, "नो वरीज. उद्या पुन्हा पेरू आपण." आपण!

मग ती माझ्याकडे वळली. माझ्या मुळांवर पोवळ्याच्या झुबक्यांसारख्या गाठी लगडल्या होत्या. तिने एक तोडली, चिरली, हुंगली. "हं. आली." आणि ती जेनीसाठी माती आणायला निघून गेली.

मी तिच्या मागे गेले. शेडमध्ये तिला गाठलं आणि पहिल्यांदा मराठीत बोलले. "माझ्या टेबलाशी तुम्ही कधीच बसला नाहीत."

फिलोने फावडं खाली ठेवलं. "तू बोलावलंस कधी? जेनी हाका मारते. तू दारात येऊन खोकतेस. मला वाटायचं, हिला सर्दी आहे, औषध घेईल." मग हळू आवाजात, "तुझी रोपं चांगलीच येणार होती गं. ते मला ठाऊक होतं."

ते मला पुरलं नाही. चांगल्या रोपांपाशी कुणी सँडविच खात नाही, हे तिला कसं सांगणार?

पुढे खाणीच्या ढिगाऱ्यावर माझे अल्डर डोक्याच्या वर गेले, जेनीचेही गेले. मी मेलबर्नला नोकरी धरली. काही वर्षांनी जेनीचा फोन आला: फिलो सिडनीत वेस्टमीडच्या हॉस्पिटलात आहे, लवकर ये. तो फोन जेनीला करता आला, म्हणजे तिला माझ्याआधी कळलं होतं, हेच मला पूर्ण प्रवासभर खुपत राहिलं.

खोलीत जेनी खुर्चीत बसली होती. फिलोचा हात तिच्या हातात होता. त्या हाताची नखं कुणीतरी स्वच्छ कापली होती. डोळे मिटलेले. मी दारात उभी राहिले. घशात खोकला आला, तो मी गिळला.

"फिलो," मी म्हणाले. "फिलो, मी आहे."

डोळे उघडले नाहीत. जेनीच्या हातातला तिचा अंगठा मात्र किंचित हलला.

"हं," फिलो म्हणाली. "आली."