शिंदीच्या पानांचा रविवार

पाडव्याची गुढी उतरवून आठ-दहा दिवस झाले होते. ऊन आता अंगावर यायला लागलं होतं. अशात मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात लहान मुलांबरोबर पानांच्या वस्तू करायला निघाले आहे, हे कळल्यावर मुलगा म्हणाला, "आई, साठी उलटली तुझी. आणि हल्ली सगळं तयार मिळतं."

"मिळू दे की," म्हटलं आणि पिशवी उचलली.

बोलावणं मार्थाचं होतं. आम्ही दोघी नगरला एकाच वसतिगृहात राहून डी.एड. झालो. मी पुण्यात हस्तकला शिकवत निवृत्त झाले. ती आपल्या गावाच्या आसपास जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवत राहिली आणि आता गावातल्या चर्चची शब्बाथ शाळा (रविवारी मुलांसाठी भरणारी धर्मशिक्षणाची शाळा) चालवते. तिच्या गावात चार-पाच पिढ्यांपासून ख्रिस्ती घरं आहेत. ईस्टरच्या आदल्या रविवारी ही मंडळी हातात झावळ्या घेऊन चर्चमध्ये जातात. येशू यरुशलेम नगरात शिरला तेव्हा लोकांनी झावळ्या घेऊन त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. मार्थाच्या गावी नुसत्या झावळ्या नसतात. आदल्या दिवशी मुलं त्या पानांचे क्रूस, भिंगऱ्या, पोपट करतात आणि तेच हातात घेऊन निघतात.

इतकी वर्षं ती बोलावत होती आणि मी "पुढच्या वर्षी" म्हणत होते. या वेळी फोनवर तिचा आवाज वेगळा लागला. "कदाचित पानांचं हे शेवटचंच वर्ष," ती म्हणाली. "तसं मी होऊ देणार नाही. पण माणसं लागतील. ये."

एसटीत सुप्यापर्यंत कारखान्यांत जाणारी तरुण मुलं उभी होती. ती उतरली आणि गाडी अर्धी रिकामी झाली. नगरला गाडी बदलली. घोडेगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काढलेल्या कांद्याचे ढीग, त्यांवर पाचट टाकलेलं, आणि उघड्या खिडकीतून येणारा तो उग्र वास. सोनईच्या अलीकडे एका फाट्यावर उतरले. मार्था काठी टेकत उभी होती. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नव्हतं.

"काठी कधीपासून?" मी विचारलं.

"काठी राहू दे. तो ओढा बघ," ती म्हणाली.

रस्त्याच्या कडेनं एक कोरडा ओढा होता. त्याच्या काठावर तांबड्या मातीत खोडांचे बुंधे तेवढे उरले होते. ही शिंदीची झाडं (खजुराच्या जातीचं रानटी झाड, याच्या पानांच्या केरसुण्या होतात). चर्चला झावळ्या इथूनच जायच्या. रस्ता रुंद झाला आणि गेल्या पावसाळ्याआधी सगळी झाडं गेली.

संध्याकाळी ओट्यावर चहा घेत होतो तेव्हा शमुवेलराव आले. ते चर्चच्या पंचांतले, म्हणजे कारभार पाहणाऱ्या मंडळींतले मोठे. घोडेगावला त्यांचं सिमेंट-पत्र्यांचं दुकान आहे. माणूस वाईट नाही. चर्चचं गळकं छप्पर त्यांनीच भर उन्हात उभं राहून बदलून घेतलं, असं मार्थानं मला नंतर सांगितलं. त्यांनी बरोबरचं खोकं उघडलं आणि आतून एक हिरवीगार प्लास्टिकची झावळी काढली.

"बघा बाई. धुऊन ठिवली की फुडच्या वर्षी पुन्हा चालती."

"मग मुलांनी काय करायचं?" मार्थानं विचारलं.

"हातात धरायचं. अजून काय? औंदा बाहेरचे पाळकसाहेब उपासना घ्यायला येनार हायेत. व्हिडिओ हुनार हाय. जरा नीटनेटकं दिसलं पायजे." मग त्यांचा आवाज खाली आला. "आन् मागच्या वर्षी त्या एस्तेरच्या तळहातात काटा घुसला. रडत हुती पोर. मोटरसायकलवर घालून दवाखान्यात कुनी नेली? म्याच नेली."

मार्था हातातल्या कपाकडे पाहू लागली, कारण ते खरं होतं.

"आन् झाडं तरी कुठं ऱ्हायलीत आता?"

तेही खरं होतं. पण आता मार्थानं मान वर केली. "मिळाली तर?"

"मिळाली तर आना. पन पोरांना काय झालं तर जबाबदारी तुमची."

"माझीच," ती म्हणाली.

ते गेल्यावर ती स्वयंपाकाला लागली. ईस्टरआधीचा उपवासकाळ असल्यामुळे घरात मटण-मासे नव्हते. तिनं हुलग्याचे शेंगोळे केले. लसणाचा ठसका असा, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. "रडतेस काय?" ती म्हणाली, "उद्या चालायचंय तुला."

सकाळी सातला ओट्यापुढे अकरा मुलं जमली. त्यांत चर्चची मुलं होती, तशी शेजारच्या मराठ्यांची आणि माळ्यांचीही होती. पानाच्या भिंगरीसाठी कुणी जात विचारत नाही. सगळ्यांत पुढे एस्तेर. दहा वर्षांची, काटकुळी, तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या. तिनं न विचारताच मला तळहात दाखवला. मधोमध पांढरट वण होता.

"घरी सांगून आलीस ना?" मी विचारलं.

"आईला इचारलं. आई म्हनली, ह्या वक्ताला बघून धर."

दुसऱ्या ओढ्याला, तीनेक किलोमीटरवर, एका बाईच्या शेतात शिंदी उरली आहे, असं मार्थानं ऐकलं होतं. आम्ही पाटाच्या कडेनं निघालो. ऊस तुटून गेलेली रानं मोकळी पडली होती. मार्था काठी आपटत पुढे, मुलं तिच्या मागेपुढे, आणि सगळ्यांत शेवटी धापा टाकत मी. अर्ध्या वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तापलेल्या फुफाट्यात एक पाय उचलून उभी राहिले, तर वैष्णवी नावाची एक मुलगी बांधावरचं केकताडाचं पान (घायपातीसारखं जाड, धाग्यांचं पान) घेऊन आली. दगडानं ठेचून तिनं त्याचा दोर काढला आणि माझी चप्पल पायाला आवळून बांधली. तीस वर्षं मी मुलांना हस्तकला शिकवली. हे काही मला येत नव्हतं.

ओढ्याकाठी झाडं दिसली. बारा-तेरा असतील. खाली गोणपाटावर नऊवारीतली एक बाई बसली होती. हातात विळा होता. ती कौसाबाई.

"तोडायला आलाय?" तिनं बसल्याजागेवरून विचारलं.

"झाड नाही मावशी," मार्था म्हणाली, "थोडी पानं हवीत. मुलांना."

"समदे पानंच म्हनत्यात." कौसाबाईनं विळा मांडीवर ठेवला. "मागल्या महिन्यात माझा दीर मशीन घेऊन आल्ता. म्हनला, वैनी, बांध साफ करू, दोन सऱ्या ऊस वाढंल. म्या हितंच येऊन बसले. म्हनलं, चालव मशीन."

"मग?" एस्तेरनं विचारलं.

"मंग काय? म्या उठंना. तेबी हलंनात. दुपार झाली, त्यास्नी भुका लागल्या, गेले जेवायला. तवापास्नं रोज हितंच बसती. पुन्हा येनार हायेत."

मुलं हसली. कौसाबाई हसली नाही. मार्थानं झावळ्यांचा रविवार म्हणजे काय ते तिला सांगितलं, शमुवेलराव काय म्हणाले तेही सांगितलं. कौसाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि उठली.

"खालची पानं घ्या. मधल्या कोंबाला हात लावायचा न्हाई. कोंब गेला की झाड गेलं." तिनं एक झावळी विळ्यानं उतरवली आणि मुलांसमोर धरली. "हितनं खाली काटं. हितनं वर निस्तं पान. दिसतंय का? मंग भ्यायचं कशाला?" तिनं खालचा काटेरी भाग एका फटक्यात उडवला.

"मला द्या," एस्तेर म्हणाली.

मी "नको गं" म्हणणार होते. मार्थानं माझा दंड धरला. कौसाबाईनं विळा पोरीच्या हातात दिला, वरून आपला हात ठेवला आणि दुसऱ्या झावळीला हात काढून घेतला. एस्तेरनं ओठ दातांत धरून तीन झावळ्या उतरवल्या. तिसरीचे काटे उडवले तेव्हा तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तळहातावर ओरखडाही नव्हता.

तोवर वैष्णवीनं दोन पात्या एकमेकींत अडकवून भिंगरी केली आणि एका काट्यावर बसवली. वाऱ्याची झुळूक आली नि ती गरगर फिरायला लागली. कौसाबाई बघत राहिली. मग तिनं एक पान गुंडाळलं, टोक चपटं केलं, तोंडाला लावलं आणि पिपाणी वाजवली. आवाज इतका मोठा निघाला, की पलीकडच्या रानातला बैल मान वर करून बघायला लागला.

"आमी ल्हानपनी शिमग्याला करायचो," ती म्हणाली. पुढचा अर्धा तास त्या ओढ्यात अकरा पिपाण्या वाजत होत्या.

दुपारी मार्थाच्या ओट्यावर टपात पानं भिजत घातली, वर ओलं पोतं टाकलं. क्रूसासाठी खरं तर कोंबाजवळची कोवळी, पिवळसर पानं लागतात, ती वळतात. आमची होती खालची, निबर. दुमडलं की उलगडायची, ओढलं की चिरायची. संध्याकाळपर्यंत बहुतेक क्रूस एका बाजूला झुकलेले, पोपटांची शेपटी पोपटापेक्षा मोठी. एस्तेरचा क्रूस मी सवयीनं सरळ करायला घेतला. तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"तुमी नका करू बाई. माझा हाय."

मला राग आला, आणि लगेच लाजही वाटली. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुलांच्या किती वस्तू मी अशा सरळ केल्या होत्या! आणि शाबासकी मुलांना मिळाली, असं समजत राहिले.

रविवारी आठ वाजता चर्चची घंटा झाली. दगडी भिंतींची लहानशी इमारत, पुढे कडुलिंब, त्याचा मोहर अंगणभर सांडलेला. दाराशी शमुवेलराव पांढऱ्या सफारीत उभे राहून मोठ्या माणसांच्या हातात एक-एक प्लास्टिकची झावळी देत होते. पाहुणे पाळकसाहेब आले होते. कॅमेरावाला जागा बघत होता. आमची मुलं आपापल्या वस्तू घेऊन अंगणात आली.

शमुवेलरावांनी नजर टाकली. "पानं मिळाली म्हनायची," ते म्हणाले. "छान हायेत. पन पोरांनी मागं थांबा. फुडं एकसारखं दिसलं पायजे."

मार्था बोलायला पुढे झाली. त्याआधीच एस्तेर बोलली.

"आमी मागं न्हाई थांबनार."

तिची आई गर्दीत उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, पण पोरीला मागे ओढलं नाही.

"ए पोरी," शमुवेलराव म्हणाले, "तुलाच काटा लागला हुता न्हवं?"

"लागला हुता." एस्तेरनं हात पुढे केला, तळवा वर. "बरा झाला."

शमुवेलराव त्या हाताकडे बघत राहिले. कॅमेरावाल्यानं विचारलं, "साहेब, सुरू करू का?" मग एस्तेर वळली आणि सरळ चालायला लागली. तिच्यामागे वैष्णवी, तिच्यामागे बाकीची नऊ. कुणीतरी पिपाणी फुंकली. "होसान्ना!" अशी येशूच्या जयजयकाराची पहिली आरोळी मुलांची उठली आणि मोठ्यांना मागोमाग निघावंच लागलं.

गावाच्या गल्लीतून एक फेरी मारून आम्ही चर्चमध्ये आलो. खरी पानं चालताना सळसळतात. हातातलं प्लास्टिक गप्प होतं. दोन-तीन बायकांनी ते वाटेत ओट्यावर ठेवलं आणि मुलांकडून एकेक पान मागून घेतलं. पुष्कळांनी तसं काही केलं नाही. शमुवेलरावांनी आपली झावळी शेवटपर्यंत सोडली नाही. मी त्यांना नावं ठेवत नाही. रडणाऱ्या पोरीला मोटरसायकलवर घेऊन धावलेला माणूस आहे तो.

उपासना संपली तेव्हा फरशीवर पानांचे तुकडे पसरले होते. शमुवेलराव मार्थाकडे आले. "बाई, कचरा बघा."

"काढतो आम्ही."

ते दारापर्यंत गेले आणि थांबले. "पोरांनी सांगितलं समदं. त्या कौसाबाईचा दीर माझ्याकडनंच पत्रे न्हेतो," ते घुश्श्यातच म्हणाले. "बोलतो त्याच्याशी. झाडं राहू दे म्हनतो." उत्तराची वाट न बघता निघून गेले. मार्थानं काठी भिंतीला टेकवली आणि खाली बसली. मग पुढ्यातले पानांचे तुकडे एकेक करून वेचायला लागली.

दुपारच्या गाडीनं मी परत निघाले. निरोप देताना मार्थानं पानांची एक जुडी दिली. नगरला शेजारच्या बाकावर एक तरुण आई आणि पाच-सहा वर्षांची मुलगी येऊन बसल्या. मुलगी जुडीकडे बघत होती. मी तिला दोन पात्या दिल्या आणि भिंगरीसाठी त्या कशा अडकवायच्या ते दाखवलं.

खिडकीबाहेर माळ, पवनचक्क्या, मधूनच एखादा ढाबा मागे पडत होता आणि मी विचार करत होते. आयुष्यभर मी मुलांना "नीट कर" म्हणत आले. नीट म्हणजे बाजारात मिळतं तसं. त्याच नीटपणापायी मुलांनी मागे सरायचं, ही सवयही मीच लावली असेल. आता उशीर झाला म्हणून गप्प बसायचं, हे मात्र मला मान्य नाही.

सुप्याला गाडी भरली. गर्दीत, धक्क्यात, त्या मुलीची भिंगरी पूर्ण झाली. एक पातं लांब, एक आखूड. तिच्या आईनं हसून हात पुढे केला.

"टाक गं तो कचरा. पुण्यात चांगली घेऊ."

मुलीनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, भिंगरीचा हात पाठीमागे नेला आणि मान हलवली.

"न्हाई," ती म्हणाली.