गोटमारीचं हाड

पांढुर्ण्याच्या हाडाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सावरगावचा एक इसम बसला होता. मोटारसायकलवरून बायकोसकट पडला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, पण मिशीचा पीळ शाबूत. डाव्या हातानं एक्स-रे खिडकीशी धरून तो अख्ख्या बाकाला दाखवत होता.

"पाहा भाऊ, कसं जाडजूड हाड आहे! डॉक्टर म्हणे, हाडात जित्या पेशी राहते. जोर पडला का त्याइले समजते, मंग त्या हाड भरते. बसून राहिलं तं हाड झिजते. अन् मी तं लहानपणापासून दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नदीच्या दोन्ही काठाच्या गावाइच्या गोटमारीत गोटे फेकून राहिलो ना!"

फोटोत तडा कुठेच दिसेना. पण गोटे फेकणाऱ्याला कोण विचारणार?

तेवढ्यात डॉक्टर दुसरा फोटो घेऊन बाहेर आले. "काका, तो काकूंचा आहे. तुमचा हा, मोडलेला."

पलीकडे बसलेल्या काकू रोज संत्र्याचे कॅरेट उचलणाऱ्या. पदर सावरत म्हणाल्या, "वर्षातून एक दिवस गोटे मारता, बाकी साल खाटेवर लोळता. मी नाही बोलत काही, पण हाडाले समजते ना!"

त्यानं सवयीनं मिशीला पीळ द्यायला हात उचलला. तो नेमका प्लास्टरचा निघाला.