मुळाशी भर

महाडात बाजाराच्या वाटेवर एका पोरीचं नखांचं पार्लर होतं. मी पोलादपूरच्या वरल्या वाडीतनं भाजी घेऊन यायची आणि तिच्या पायरीवर बसायची. ती बायांच्या तोंडाकडं कंदी बघायची नाय, हाताकडंच बघायची. हात खिडकीच्या उजेडाला धरून चाय थंड होईस्तोवर नखं घासत बसायची.

एकदा माझ्या अंगठ्याला बांधलेली चिंधी तिनंच सोडली. बांध घालताना दगड पडून नख चिरलं होतं. वाढलं की कामात परत चिरायचं. विळा धरवत नव्हता. चीर धरून राहावी म्हणून तिनं नखावर कडक लेप चढवला.

"तीन आठवड्यांनी ये गो आजी."

लावणी लागली, मी दोन महिने गेलेच नाय. नख वाढलं तसा लेप पुढं सरकला, टोक जड होऊन कशातपण अडकाया लागलं. मी दातानं उपटाया गेले, तर खालचं नखपण सोलवटलं. आता ही बोलणार म्हणून मी हात पदरात लपवला.

"दाखव."

तिनं टोक घासून हलकं केलं आणि मुळाशी नख उघडं पडलेलं तिथं नवी भर घातली.

"बांधाची माती खाली सरकली तर तू बांध उपटतेस काय?"

"नाय गो."

"मंग?"

त्यानंतर तीन आठवड्यांची फेरी मी चुकवली नाय. भाजी नसली तरी उतरायची. शिमग्याच्या आधी तिनं सगळा लेप घासून काढला आणि अंगठा उजेडाला धरला. नख वाढत गेलं तशी चीर टोकाशी येऊन कापली गेली होती. तिनं पयल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघितलं.

"आजी, हे नख आता सगळं तुझंच हाय."