भीक मागून आणलेलं नाव

शहाताच्या आधी त्याच्या आईला चार मुलगे झाले. चौघांची नावं राजा-सरदारांना शोभतील अशी. चौघंही वर्षाच्या आत गेले. पाचव्या वेळी तिनं काळा पदर तोंडावर ओढला, तान्ह्याला कवटाळलं आणि गावातल्या सात दारांत जाऊन उभी राहिली. "काहीतरी घाला," म्हणाली. घरात गहू होता, म्हैस होती. तरी तिनं सात घरच्या चिंध्या मागून आणल्या, त्यांचा सदरा शिवून बाळाला घातला आणि नाव ठेवलं शहाता. भीक मागून आणलेला. असलं मूल कुणाच्या नजरेत भरतंय? मरण दाराशी येईल, चिंध्या बघेल आणि आल्या पावली परत जाईल.

आलंही असेल, गेलंही असेल. शहाता सत्तरीला पोचला होता.

नाईलच्या काठी खजुरांच्या सावलीत शिडं पसरून त्यांना ठिगळं लावण्यात त्याचा जन्म गेला. होडीवाले लांबून हाका मारायचे, "ए भिकारड्या, अल्लाच्या नावानं एक टाका घाल रे!"

"चहा सांग आधी," तो मान वर न करता म्हणायचा. "भिकारी फुकट काही देत नाही."

दुपारी शिडावरच त्याचा डोळा लागे. मग पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेनासं व्हायचं, आणि चार पांढऱ्या शिडांच्या होड्या आवाज न करता जवळून जायच्या. प्रत्येकीत एकेक भाऊ. ते त्याच्याकडे बघत, पण हाक मारत नसत. त्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं.

त्याच्या मुलाला, बदरीला, मुलगा झाला. पहिल्या नातवाला आजोबाचं नाव द्यायची रीत. शहाताला ते मनापासून हवं होतं, पण बोलून दाखवायची लाज वाटत होती. बदरी लुक्सोरच्या हॉटेलात कामाला होता. पोराला भिकाऱ्याचं नाव द्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि बापाला नको म्हणायचंही.

शेवटी सून शैमा म्हणाली, "मेणबत्त्या ठरवतील."

सातव्या दिवशी संध्याकाळी परातीत वाळू घालून तीन सारख्या मेणबत्त्या लावल्या. एक आसर, एक मुराद, एक शहाता. जी शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाचं. शेजारच्या वहीबा म्हातारीनं रीतीप्रमाणे बाळाला चाळणीत ठेवून हलवलं आणि कानाशी पितळी खल वाजवला.

"आईचं ऐक! बापाचं ऐकू नको! आजोबाचं तर मुळीच नको, त्याला ऐकूच येत नाही!"

"तुझं तेवढं बरं ऐकू येतंय, वहीबा," शहाता म्हणाला. बायका हसल्या.

मग सगळे ज्योतींकडे बघत बसले. आसर आधी विझली. बराच वेळ गेला. मुराद वाकली, निळी झाली, गेली. शहाता एकटी जळत राहिली, ताठ.

वहीबानं जीभ भराभरा हलवत आनंदाचा लांब स्वर काढला आणि मध्येच थांबवला. बदरी खाली बघत होता. "ठरलं मग, बाबा," तो म्हणाला.

शहातानं बाळाला उचललं. गुबगुबीत, अंगावर नवंकोरं रेशमी झबलं. आयुष्यभर त्याला वाटत आलं होतं की आपल्या नावात आपण आहोत. आता त्या नावात दिसली ती आई, पदराआडून हात पुढे करणारी.

"शैमा, ह्याच्या आधी तुझं एखादं गेलंय?"

"नाही, बाबा. अल्लाची कृपा."

"आणि ह्याच्यासाठी कुणाच्या दारात गेलीस?"

तिनं नाही म्हणून मान हलवली.

"मग हे नाव ह्याचं नव्हे. गरज नसताना भीक मागितली तर खऱ्या भिकाऱ्याच्या वाटचं जातं. कुणा बाईला उद्या लागेल ते. राहू दे तिच्यासाठी. दुसरी कुठली होती? मुराद ना? मनात धरलेला. हा तसाच आलाय."

"पण बाबा, मेणबत्ती तर..." बदरी म्हणाला.

"मेणबत्तीला काय कळतंय? मेण आहे ते."

शैमानं डोळे पुसले. "तरी सुटका नाही हं तुमची," ती म्हणाली. "कागदावर पूर्ण नाव लागतं. मुराद बदरी शहाता. तुम्हाला सोडून हा कुठं जाणारच नाही."

"शेवटी का होईना," म्हातारा म्हणाला. "मला मागे बसायला आवडतं. होडीत सुकाणू तिथंच असतं."

परातीतली ज्योत अजून जळत होती. कुणी ती विझवली नाही. शहाता मांडीवरच्या नातवाच्या कानाशी वाकला आणि हळू आवाजात आपल्या त्या चौघा भावांची नावं एकेक करून सांगत बसला.